पुढचे शॉकअप गॅरेजमध्ये, मागच्या स्प्रिंगा घरी

"काका, माझी 2017 ची फोक्सवॅगनची डिझेल पोलो, टीडीआय, आहे, 92,000 किलोमीटर झालेत. सातारा ते शिरवळ रोजचं जाणं-येणं, म्हणजे खंबाटकी रोजचीच. पुण्याच्या मित्राकडून गाडी 35 मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगांचा वापरलेला संच निम्म्या किमतीत मिळाला. गॅरेजवाला बसवायचे 7,000 मागतोय. स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, स्प्रिंग कंप्रेसर, ऑनलाइन 1,400 ला मिळतो. व्हिडिओ बघून काम समजलंय, मित्र मदतीला आहे, रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करावं म्हणतोय. बाबा म्हणतात, चांगल्या गाडीचं वाटोळं करशील. घरी करू की गॅरेजला देऊ?"
सु., सातारा

प्रिय सु.,

मागच्या दोन स्प्रिंगा तू घरी बदल. पुढचे दोन शॉकअपही हवं तर गाडीवरून स्वतः उतरव. पण त्या शॉकअपवरची स्प्रिंग सोडवायचं आणि नवी चढवायचं काम गॅरेजच्या यंत्रावरच होऊ दे. तो 1,400 चा कंप्रेसर घेऊ नकोस. घेतला असशील तर परत कर.

हे इतकं ठामपणे का सांगतो, त्याला कारण आहे. तुझी गाडी साडेअकराशे किलोच्या आसपास भरते. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, त्यातून डिझेल. त्यामुळे पुढच्या प्रत्येक स्प्रिंगवर सतत 300 किलोहून जास्त भार असतो. गाडी जॅकवर उचलली, चाक लोंबकळायला लागलं, की आपल्याला वाटतं आता स्प्रिंग मोकळी झाली. ती मोकळी होत नाही. शॉकअप पूर्ण ताणला गेला तरी वरच्या आणि खालच्या ताटलीमध्ये ती दाबलेलीच राहते आणि तिला धरून ठेवलेलं असतं वरच्या एका नटाने. तो नट सोडायचा तर आधी स्प्रिंग आणखी दाबून ताटलीपासून सुटी करावी लागते. स्वस्तातला कंप्रेसर म्हणजे दोन लांब बोल्ट आणि त्यांना चार आकडे. स्प्रिंगच्या वेटोळ्यांना उतार असतो, आकडा त्या उतारावर सरकतो. दोन बोल्ट समान फिरले नाहीत तर स्प्रिंग एका बाजूला वाकते, आणि वाकलेली स्प्रिंग कुठल्या दिशेने सुटेल हे कुणीच सांगू शकत नाही.

मी तिशीत असताना असाच आकड्यांचा कंप्रेसर बाजारातून आणला होता. चार-पाच गाड्यांना त्याने नीट काम दिलं, म्हणून विश्वास बसला. एका दुपारी खालचा आकडा अर्धं वेटोळं सरकला. मी पाना बदलायला मागे वळलो होतो, एवढंच माझं नशीब. स्प्रिंग शटरवर जाऊन आदळली आणि पत्र्याला छातीच्या उंचीवर वाटीएवढा खोक पडला. मदतीला एकोणीस वर्षांचा पोरगा होता, तो त्या रेषेपासून हातभर बाजूला उभा होता. पुढे कितीतरी रात्री मला ते हातभर अंतरच दिसायचं. तुझ्या पत्रात "मित्र मदतीला आहे" हे वाचलं आणि आधी तोच पोरगा आठवला.

गॅरेजमधला भिंतीला किंवा पक्क्या स्टँडला बसवलेला कंप्रेसर वेगळा असतो. तो स्प्रिंगचं वेटोळं खालून-वरून रुंद जबड्यात धरतो, सरळ रेषेत दाबतो आणि माणूस बाजूला उभा राहून तो चालवतो. दोन्ही शॉकअपचं मिळून तासाभराचं काम. गाडीवरून उतरवलेले शॉकअप हातात घेऊन गेलास तर बहुतेक गॅरेजवाले फक्त तेवढ्याच कामाचे पैसे घेतात, आणि ते 7,000 च्या मानाने बरेच कमी असतात. एक गोष्ट व्हिडिओत सहसा कळत नाही: खाली घेणाऱ्या स्प्रिंगा मुळातच आखूड असतात, त्यामुळे त्या चढवताना फार दाबाव्या लागत नाहीत. धोका जुनी काढण्यात आहे. लोक नवी स्प्रिंग सहज बसताना बघतात आणि सगळंच काम सोपं आहे असं धरून चालतात.

मागची बाजू मात्र तुला करता येईल. पोलोच्या मागे दोन्ही चाकं जोडणारा एक आडवा बीम असतो. स्प्रिंग वेगळी बसते, शॉकअप वेगळा. कंप्रेसर लागतच नाही. बॉडीच्या ठरलेल्या जागी दोन घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, लावायच्या, बीमखाली जॅक टेकवायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि जॅक हळूहळू उतरवायचा. स्प्रिंग हाताने बाहेर येते. उतरवताना मित्राला फक्त एकच काम दे: ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल ताणली जातेय का यावर नजर ठेवायची. ताण दिसला की थांबायचं, क्लिप सोडवायची, मग पुढे जायचं. खालचा-वरचा रबर फाटला नसेल तर तोच वापर, फाटला असेल तर नवा आण. स्प्रिंगचं टोक रबरातल्या खाचेत नीट टेकलं पाहिजे. स्प्रिंगवरची अक्षरं सरळ वाचता येत असतील तर ती साधारण बरोबर बसली असं समज, तरी संचाबरोबरच्या कागदावर ताडून बघ. पहिल्यांदाच करत असशील तर सकाळ जाईल. जाऊ दे.

पण जागा बदल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत असं मी धरून चालतो, कारण आजकाल सगळीकडे तेच आहेत. पेव्हरखाली वाळू असते. घोडीचे पाय छोटे, भार मोठा, एखादा ब्लॉक खचला की घोडी तिरकी होते. काँक्रीटची सपाट जमीन शोध. ती मिळालीच नाही तर घोड्यांखाली जाड प्लायची फळी घाल. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक गाडीखाली कधीही लावू नकोस, ते भाराखाली आधी काही न दाखवता एकदम फुटतात. काढलेलं चाक बाजूच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेव. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक नट बघायचा असला तरी नाही.

पुढचे शॉकअप उतरवायचं ठरवलंस तर एक अडचण येईल. फोक्सवॅगनच्या बऱ्याच गाड्यांत शॉकअपची नळी चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या भागात, मुठीत काठी धरावी तशी घट्ट बसलेली असते. बोल्ट काढला तरी ती हलत नाही. त्या पकडीची फट किंचित फाकवणारं खास हत्यार येतं. ते नसेल तर लोक छिन्नी ठोकतात, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा ओतीव लोखंडाच्या नकलला तडा जातो. हत्यार भाड्याने किंवा ओळखीने मिळालं तरच हात घाल, नाहीतर पुढचं सगळंच काम गॅरेजला दे. त्यात कमीपणा काही नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. घरी केलं काय आणि गॅरेजमध्ये केलं काय, इथे चूक झाली तर गाडी तीनच महिन्यांत खडखडायला लागते, आणि दोष मात्र स्प्रिंगांना दिला जातो. सस्पेन्शनच्या आर्मला, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्याला, आणि बीमला जे रबरी बुश असतात, त्यांची आतली नळी बोल्ट आवळल्यावर जागच्या जागी पक्की होते. त्यानंतर आर्म वर-खाली होताना रबर पिळवटतं आणि परत येतं. चाक हवेत लोंबकळत असताना तो बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर टेकल्याक्षणीच रबर पिळलेल्या अवस्थेत जातं आणि कायम तसंच राहतं. मग ते लवकर फाटतं. म्हणून असे बोल्ट आधी हाताने लावायचे आणि चाकावर भार आल्यावरच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळायचे. गाडी खाली घेतल्यावर तर जे बोल्ट तू काढलेच नाहीस तेही एकदा सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावे लागतात, कारण त्या बुशला जुन्या उंचीची सवय आहे.

गाडी जमिनीवर असताना त्या बोल्टपर्यंत पाना पोहोचत नाही, ही सगळ्यांचीच अडचण. त्यावर एक साधी युक्ती आहे. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागी उभी असताना, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेव. नव्या उंचीला ते अंतर साधारण 35 मिलिमीटरने कमी होणार. मग गाडी घोड्यांवर असतानाच चाकाच्या बाजूने जॅक लावून आर्म इतका उचल की टेपवर तो नवा आकडा यावा, आणि त्या स्थितीत बोल्ट आवळ. उचलताना घोडीवरून गाडी सुटी होत नाही ना, हे बघत राहा.

गॅरेजवाल्याला मजुरी किती हे विचारण्याआधी हाच प्रश्न विचार: बुशचे बोल्ट केव्हा आवळता? "गाडी खाली उतरवल्यावर, भारावर" असं उत्तर आलं तर त्या माणसाला 7,000 दे, खुशाल दे. प्रश्नच कळला नाही, किंवा सगळे नट एअरगननेच ठोकून बसवतो असं म्हणाला, तर तुझं घरचं काम त्याच्यापेक्षा बरं होईल. शॉकअपच्या वरच्या नटावर एअरगन चालवली की आतला दांडा सील घासत गरगर फिरतो. दोन पावसाळ्यांत तेल गळायला लागतं. तिथे दांडा आतून ॲलन कीने धरायचा आणि नट रिंग पान्याने फिरवायचा. फोक्सवॅगनमध्ये बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ठरलेला टॉर्क दिल्यावर आणखी काही अंश फिरवून ताणलेले. ते नवेच घ्यावे लागतात. गॅरेजवाला नवे बोल्ट स्वतःहून मागवतो का, हेही बघ.

आता त्या वापरलेल्या संचाबद्दल. तो पोलोचा आहे, हे एवढंच पुरेसं नाही. 1.2 पेट्रोल तीन सिलिंडरची, तुझी 1.5 डिझेल चार सिलिंडरची, आणि पुढच्या भारात दोघींमध्ये बराच फरक आहे. स्प्रिंगचा चांगला उत्पादक प्रत्येक संचाच्या कागदावर पुढच्या आसाचा जास्तीत जास्त भार किलोमध्ये देतो. पेट्रोलचा संच डिझेलला घातला तर पुढून गाडी 35 ऐवजी बरीच जास्त बसेल, नाक खाली आणि शेपूट वर. स्प्रिंगवरची धूळ पुसून क्रमांक वाच आणि कंपनीच्या यादीत शोध. मग प्रत्येक वेटोळं हाताने चाचप. वरचा लेप उडालेला, त्याखाली गंज आणि खड्डा, असं एका जरी स्प्रिंगला दिसलं तर तो संच नको. अशाच खड्ड्यातून पुढे तडा जातो. आणि निम्म्या किमतीतल्या संचाचं एखादं टोक गॅसने कापलेलं दिसलं, तर तो मित्राला परत दे. कापून गाडी खाली घेणारे अजून आहेत. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, कापलेल्या टोकाजवळच्या पोलादाचं पाणी उतरतं, आणि चाक लोंबकळलं की ती ताटलीत सैल पडते. घाटातल्या एखाद्या उंचवट्यावर ती जागेवरून निसटू शकते.

92,000 किलोमीटरवरचे मूळ शॉकअप तसेच ठेवून नव्या कडक स्प्रिंगा घालू नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगतो. आखूड आणि कडक स्प्रिंग परत उसळताना तिला आवरायचं काम शॉकअपचं असतं, आणि तुझ्या शॉकअपमध्ये तेवढा जोर आता उरला नसणार. शिवाय गाडी खाली आल्यामुळे शॉकअपचा दांडा कायम पूर्वीपेक्षा आत काम करेल, बंप स्टॉपच्या, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबराच्या, जवळ. नवे शॉकअप, वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर हे सगळं याच खेपेला बदल. मजुरी तीच, एकदाच. पैसे आत्ता नसतील तर चार महिने थांब. हौस चार महिन्यांनी जुनी होत नाही.

35 मिलिमीटरचाच पुन्हा विचार कर, असंही मला वाटतं. पोलोची कागदावरची उंची 165 मिलिमीटर. 35 गेले, राहिले 130. पाच माणसं आणि सामान बसलं की आणखी खाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब असतो. तुझ्या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर अडीच मीटरहून थोडं कमी, म्हणजे तसा गतिरोधक गाडी अख्खी अंगावर घेते, पोट टेकत नाही. पण आपल्या गावांच्या वेशीवर कुणीतरी डांबराचा हातभर रुंद ढीग घातलेला असतो. पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढायची असतात आणि ढीग नेमका पोटाखाली असतो. आधी लागतो तो चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं. चेंबर फुटून तेल गेलं आणि दिवा लागूनही तू दोन किलोमीटर चालवलीस, तर इंजिन गेलं. 25 चा संच मिळाला तर तुझ्या रस्त्यासाठी मी तोच घेईन. वळणावरची स्थिरता त्यात पुरेशी सुधारते, आणि मडगार्डमधली ती पोकळी, जी तुला बहुधा खुपत असणार, तीही भरून येते.

कायद्याचंही बघून ठेव. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेला आणि नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये परवानगीबाहेरच्या अशा प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. संच बसवण्याआधी साताऱ्याच्या परिवहन कार्यालयात लेखी विचार, आणि विमा कंपनीलाही लेखी कळव. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडतो तेव्हा वाद घालायला आपल्या हातात काहीच नसतं. मूळ स्प्रिंगा कोरड्या जागी जपून ठेव, गाडी विकताना त्या लागतील.

अलाइनमेंट घरी होत नाही. गाडी खाली आली की चाकांचं डोकं आत झुकतं आणि टोही, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत-बाहेर वळलेली असण्याचा कोनही, बदलतो. टायर खातो तो मुख्यतः टो. आतली कड वरून दिसत नाही, म्हणून हाताने चाचपून बघत जा. काम झाल्यावर लगेच एकदा अलाइनमेंट कर, आणि स्प्रिंगा बसल्यावर, पाचशे किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा. त्याच वेळी सगळ्या बोल्टांचा टॉर्कही तपासून घे आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर टाकून बघ. दोन्ही वेळचे छापील आकडे जपून ठेव.

बाबांचं म्हणणं चूक नाही. त्यांना स्प्रिंगचा अभ्यास नसेल, पण घाटात रोज जाणारा मुलगा दिसतो. त्यांना गॅरेजमध्ये सोबत घेऊन जा, शॉकअप सोडवताना ते यंत्र बघू देत.

आणि कामाला लागायच्या आधी मला दोन गोष्टी कळव: स्प्रिंगवरचा क्रमांक, आणि चार चाकांची ती टेपची मापं. पुढच्या डाव्या-उजव्या मापात 10 मिलिमीटरहून जास्त फरक निघाला, तर तुझ्या गाडीची एखादी जुनी स्प्रिंग आधीच खालच्या वेटोळ्यात तुटलेली असू शकते. तसं असेल तर गॅरेजवाल्याला शॉकअप हातात देण्याआधीच सांग. तुटलेली स्प्रिंग दाबताना तो जबडा वेगळ्या वेटोळ्यावर लावतो.

तुझा,
काका